वेगळा मतदारसंघ नको, प्रामाणिक रेषा हवी

निवडणूक जाहीर झाली की आपल्या मोहल्ल्यांत एकच प्रश्न फिरतो : यंदा मत कुणाला? मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, यंत्रमागाच्या खडखडाटातही त्याच प्रश्नाचा खल चालतो. कुणी सांगतो, जो त्यांना पाडील त्याला. कुणी सांगतो, जो रस्ता करील त्याला. पण या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न तोवर निकालात निघालेला असतो. आपण कुठल्या मतदारसंघात, कोणत्या गावांबरोबर आणि किती लोकांत मिसळून मत देणार, हे आधीच ठरून गेलेले असते. नकाशा टेबलावर पसरून कुणीतरी पेन्सिलीने रेषा ओढलेली असते. मत आपण देतो, पण त्या मताचे वजन रेषा ठरवते. आणि रेषा ओढली जात असताना आपल्या पुढाऱ्यांपैकी कुणी तिथे हजर असल्याचे आम्हाला क्वचितच ऐकायला मिळते.

हातकणंगलेचेच उदाहरण घ्या. २००९ च्या आधीची काही दशके या नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्हता. होता तो इचलकरंजी. बाळासाहेब माने, कल्लाप्पाण्णा आवाडे, निवेदिता माने यांनी त्याचे प्रतिनिधित्व केले. २००८ ची पुनर्रचना अमलात आली, इचलकरंजीचे नाव लोकसभेच्या यादीतून गेले आणि हातकणंगलेचे आले. शेजारचा कराड मतदारसंघ तर समूळच गेला. विधानसभेतही कोल्हापूर जिल्ह्याच्या जागा बारावरून दहावर आल्या. पन्हाळा, सांगरूळ, गडहिंग्लज, वडगाव ही नावे पुसली गेली. माणसे तिथेच राहिली, शेते तिथेच राहिली, फक्त त्यांचे शेजारी बदलले.

आज हातकणंगले लोकसभा मतदारसंघात शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ हे कोल्हापूर जिल्ह्यातले चार, तर इस्लामपूर आणि शिराळा हे सांगली जिल्ह्यातले दोन विधानसभा मतदारसंघ आहेत. पश्चिमेला आंबा घाटाचा मुसळधार पावसाचा डोंगर, पूर्वेला नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम, उत्तरेला वारणा ओलांडून पलीकडचा ऊसपट्टा, आणि मध्ये इचलकरंजीचे यंत्रमाग. शाहूवाडीच्या धनगरवाड्याला रस्ता हवा, शिरोळला महापुरापासून संरक्षण हवे, इचलकरंजीच्या खर्चीवाल्याला वीजदरात सवलत आणि सुताच्या भावाला स्थैर्य हवे. या सर्वांचा खासदार एक. कायदा सांगतो की मतदारसंघ शक्यतो सलग असावा. भूगोल, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाची साधने आणि लोकांची सोय पाहून तो आखावा. हे निकष आंबा घाट आणि नृसिंहवाडी एकत्र बांधताना किती पाळले गेले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार इथल्या प्रत्येक मतदाराला आहे. तो मुसलमानांचा खास प्रश्न नाही. म्हणूनच तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

कुणी म्हणेल, यात एवढे काय? उत्तर आकड्यांत आहे. २००९ च्या पहिल्याच निवडणुकीत राजू शेट्टी इथून सुमारे ९५ हजारांच्या फरकाने निवडून आले. प्रस्थापित घराणी आणि साखर कारखानदारी एका बाजूला असतानाही मतदाराने आपले केले. रेषेने सगळेच ठरते असे नाही, हा त्याचा अर्थ. पण २०२४ मध्ये याच मतदारसंघात धैर्यशील माने यांनी सत्यजित पाटील सरूडकर यांच्यावर मात केली ती अवघ्या १३ हजार ४२६ मतांनी. दहा-बारा मोठी गावे रेषेच्या अलीकडची पलीकडे गेली असती, तर काय झाले असते याचा हिशेब कोणताही मुरब्बी कार्यकर्ता बोटांवर करून दाखवील. पक्षांना हा हिशेब येतो. म्हणून ते नकाशा आला की रात्र रात्र जागतात. सामान्य माणूस मात्र मतदानाच्या दिवशी जागा होतो.

यावर ठरलेले उत्तर मिळते : आपल्याकडे रेषा पुढारी ओढत नाहीत, स्वतंत्र आयोग ओढतो. खरे आहे, आणि ही गोष्ट लहान नाही. १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ असे चार परिसीमन कायदे झाले व त्यांखाली आयोग नेमले गेले. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती कुलदीप सिंग. सोबत निवडणूक आयोगाचा एक प्रतिनिधी आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त. अमेरिकेत काय चालते ते पाहिले की या व्यवस्थेची किंमत कळते. तिथे बहुतेक राज्यांत विधिमंडळातला बहुमताचा पक्षच संसदेचे मतदारसंघ आखतो. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मंजूर केलेला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की तो सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसतो, अशी थट्टा झाली आणि या लबाडीला ‘गेरीमँडरिंग’ हे नाव कायमचे चिकटले. दोनशे वर्षांनी तीच लबाडी चालू आहे. पक्षीय स्वार्थासाठी आखलेल्या रेषांचा निवाडा संघीय न्यायालये करू शकत नाहीत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासने दहा वर्षांची वाट न पाहता मध्येच नवा नकाशा करून रिपब्लिकन पक्षाची सोय केली. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने, ज्या राज्यातील मतदारांनी २००८ मध्ये जनमत घेऊन नागरिकांचा स्वतंत्र आयोग स्थापन केला होता त्या राज्याने, नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा जनमत घेऊन त्या आयोगाचा नकाशा काही वर्षांसाठी बाजूला ठेवला आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या सोयीचा नकाशा आणला. एकाने चोरी केली म्हणून दुसऱ्याने कुलूप तोडले. स्वतंत्र आयोग म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हा धडा आपण दूर बसून शिकून घ्यावा.

कारण आपल्या आयोगालाही फटी आहेत. आयोगाला प्रत्येक राज्यात पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून दिले जातात. त्यांना मताचा अधिकार नसतो. पण ते चर्चेत बसतात, मसुदा आधी पाहतात, आपली भिन्न मते मसुद्यासोबत छापून घेऊ शकतात. हे दहाही जण पक्षांचे असतात. विणकर, शेतमजूर, बागवान, मोलकरीण यांच्या वाट्याला उरते ती फक्त हरकत नोंदवण्याची मुदत आणि एखादी जाहीर सुनावणी. एकदा अंतिम आदेश निघाला की तो कायद्याइतकाच बळकट, त्याला न्यायालयात आव्हान नाही, असे कायदा सांगतो आणि १९६६ मध्ये मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले. गुजरातमधील बारडोलीच्या राखीव जागेवरून आलेल्या प्रकरणात २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने दार थोडे किलकिले केले : आदेश उघड मनमानीचा आणि घटनेतील मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय दखल घेऊ शकते. पण ते दार ठोठवायला पैसा आणि वकील लागतो. गरिबासाठी हरकतींची मुदत हेच एक दार.

आयोग कोण नेमतो, केव्हा नेमतो आणि कोणत्या आकड्यांवर नेमतो, यातही राजकारण असते. जम्मू-काश्मीरचे उदाहरण समोर आहे. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या आयोगाने २०२२ मध्ये जम्मू विभागाला सहा जागा वाढवून दिल्या, काश्मीर खोऱ्याला एक. २०११ च्या जनगणनेत खोऱ्याची लोकसंख्या जम्मूपेक्षा सुमारे पंधरा लाखांनी अधिक होती. आसामात तर न्यायाधीशांचा आयोगच नव्हता. २०२३ ची पुनर्रचना निवडणूक आयोगाने स्वतः केली, तीही २००१ च्या आकड्यांवर. प्रशासकीय हद्दी गोठवण्याची तारीख होती १ जानेवारी २०२३. राज्य मंत्रिमंडळाने चार जिल्हे शेजारच्या जिल्ह्यांत विलीन केले ते ३१ डिसेंबर २०२२ रोजी. एक दिवस आधी! अशा वेळी कागदावरची स्वायत्तता किती कामाची, हे वाचकांनीच ठरवावे.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येऊ. सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. शिक्षण, नोकऱ्या, बँकांची कर्जे यांविषयीची त्यातली आकडेवारी आपल्या सभांतून शेकडो वेळा वाचली गेली. पण त्याच अहवालात मतदारसंघांविषयी एक नोंद आहे, तिच्याकडे फारसे कुणी वळले नाही. उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये मुस्लिम वस्ती मोठी असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आहेत आणि त्याच राज्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण अधिक असलेले मतदारसंघ खुले राहिले आहेत, अशी ती नोंद. हे घडू शकते, कारण अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विभागून आणि ‘शक्यतो’ त्यांचे प्रमाण अधिक असलेल्या ठिकाणी ठेवाव्यात, असे कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ या एका शब्दात पेन्सिल फिरायला पुरेशी जागा आहे.

इथे आम्हाला अगदी स्पष्ट बोलायचे आहे. हातकणंगले विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही, नसावी. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९०६ मध्ये मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करून दिली, त्या मातीत दलित आणि मुसलमान यांना एकमेकांच्या जागेवरून झुंजवणे म्हणजे त्या वारशाशी बेइमानी आहे. दलितांची जागा काढून आम्हाला द्या, असे कुणी मागत असेल तर तो आमचा माणूस नव्हे. आमची मागणी एवढीच, की नियम सगळीकडे एकच लावा आणि टक्केवारी उघड करा. जिथे दलितांचे प्रमाण अधिक, तिथेच जागा राखीव ठेवा. त्यात दलितांचाही फायदा आहे, कारण मतदारसंघात आपली संख्या भक्कम असली तरच राखीव जागेवरचा आमदार आपल्याच लोकांना जाब देतो.

दुसरी एक मागणी अधूनमधून आपल्यातलेच काही लोक पुढे करतात : मुसलमानांसाठी मतदारसंघच राखीव ठेवा. त्यांच्या वेदनेचे कारण खोटे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के. लोकसभेच्या जागा ४८. २००४ मध्ये कुलाब्यातून बॅ. अ. र. अंतुले निवडून आले. त्यानंतर २००९ मध्ये एकही मुस्लिम खासदार नाही, २०१४ मध्ये नाही, २०१९ मध्ये औरंगाबादचा एक आणि २०२४ मध्ये पुन्हा शून्य. पण या रोगावर १९०९ चे औषध नको. विभक्त मतदारसंघांनी काय केले ते या देशाने पाहिले आहे. शेजाऱ्याला आपल्या मताची गरजच उरत नाही आणि आपल्याला त्याच्या. घटना समितीने तो अध्याय मिटवला ते योग्यच झाले. शिवाय जागेने सगळे साधत नाही. आसामातला करीमगंज मुस्लिमबहुल, पण अनेक वर्षे अनुसूचित जातींसाठी राखीव होता. २०२३ मध्ये तो खुला झाला आणि २०२४ मध्ये तिथून भाजपचे कृपानाथ मल्लाह निवडून आले. त्याबद्दल रडण्याचे कारण नाही. आम्हाला आमचा माणूस निवडून आणण्याची हमी नको आहे. आमच्या मताची गरज प्रत्येक उमेदवाराला भासावी, एवढे वजन त्या मताला राहू द्या.

आणि हे वजन सर्वांत सहज चोरले जाते ते दिल्लीत नव्हे, आपल्या गल्लीत. प्रभागरचना हा शब्द ऐकला की अनेकांना जांभई येते. पण कुठलीही वस्ती निष्प्रभ करण्याच्या दोन रीती आहेत : फोडणे आणि कोंबणे. समजा, एका मोहल्ल्यात दोन हजार मते आहेत. पाच हजारांच्या प्रभागात त्यांना विचारल्याशिवाय कुणाचे पान हलणार नाही. तोच मोहल्ला वीस हजारांच्या चार सदस्यांच्या प्रभागात टाका. दोन हजार मते दहा टक्के होतात आणि चारही जागांवर दहा टक्केच राहतात. किंवा मोहल्ल्याच्या मधल्या रस्त्यावरून रेषा काढा. डावी बाजू एका प्रभागात, उजवी दुसऱ्यात. हे झाले फोडणे. शहरातल्या सगळ्या वस्त्या एकाच प्रभागात गोळा करून बाकीचे प्रभाग निर्धास्त करणे, हे झाले कोंबणे. मुसलमानांच्या जागी मातंग, वडार, कैकाडी, विणकर कुठलीही वस्ती ठेवा, हिशेब तोच.

महाराष्ट्रात हा खेळ उघड चालला आहे. २०१६ मध्ये भाजप सरकारने महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग आणले. महाविकास आघाडी आली, तिने एक सदस्याचा कायदा केला, मग २०२१ मध्ये तीन सदस्यांचे ठरवले आणि मुंबईच्या जागा २२७ च्या २३६ केल्या. २०२२ मध्ये शिंदे सरकार आले, मुंबई पुन्हा २२७ वर आणि इतर महापालिका पुन्हा चारच्या प्रभागांवर. यात लोकांची सोय कुणी पाहिली? त्याहून गंभीर गोष्ट मार्च २०२२ मधली. प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेणारी विधेयके विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या दिवशी एक झाले! कारण सांगितले ओबीसी आरक्षणाचे. मुस्लिम ओबीसी चळवळीने डिसेंबर १९९४ च्या शासन निर्णयापासून जे कष्टाने मिळवले, त्या मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी यांना या आरक्षणाची किती गरज आहे हे आम्हाला कुणी शिकवू नये. पण आरक्षणाच्या नावाखाली पेन्सिल मंत्रालयात गेली ती परत आली नाही. २०२५ मध्ये आरक्षणाचा पेच सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटला, तरी प्रभागरचनेचे आदेश निघाले ते नगरविकास खात्याकडूनच.

इचलकरंजीची कथा याच काळातली. नगरपालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, २०२२ मध्ये महापालिका झाली आणि तिची पहिली निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. चार वर्षे शहराला नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. सरकारने नेमलेला आयुक्त, तोच प्रशासक, आणि प्रभागांचा मसुदा करणारे कार्यालयही त्याचेच. तो अधिकारी सज्जन असेल. पण व्यवस्था माणसाच्या सज्जनपणावर टांगून ठेवायची नसते. पाण्यासाठी भांडणाऱ्या या शहरात आधी रेषा ठरल्या आणि मग लोकांना मत विचारले गेले.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. प्रभाग, गण आणि गट आखण्याचे काम मंत्रालयाकडून काढून कायमस्वरूपी स्वतंत्र आयोगाकडे द्या. केरळात स्थानिक संस्थांसाठी राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग असतो. तसा आपल्याकडे करा, पण त्यात सरकारी सचिवांऐवजी निवृत्त न्यायाधीश आणि पक्षाबाहेरची माणसे घ्या. दोन जनगणनांच्या मध्ये सदस्यसंख्या आणि प्रभागांचा आकार बदलायला कायद्याने बंदी घाला. प्रारूप रचना समजेल अशा मराठीत, नकाशासह आणि प्रगणक गटांच्या लोकसंख्येसह तहसील आणि ग्रामपंचायतीत लावा. हरकतींना पूर्ण एक महिना द्या. आणि हरकत फेटाळली तर का फेटाळली, ते लेखी कळवा.

मागण्या करून थांबणाऱ्यांपैकी आपण होऊ नये. घटनेतील दुरुस्त्यांनी २०२६ पर्यंत जागांची संख्या गोठवली होती. केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. दक्षिणेतील राज्यांनी मार्च २०२५ मध्येच चेन्नईत एकत्र बसून आपली बाजू मांडायला सुरुवात केली. आपल्या तंझीमा, जमातींच्या कमिट्या, ओबीसी संघटना आणि साहित्य संमेलने कधी बसणार? २०२५ मध्ये इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. नाव बदलले की प्रत्येकाला बोचते, कारण पाटी दिसते. रेषा बदलली तर पाटी लागत नाही. म्हणूनच ती अधिक घातक.

काम अवघड नाही. आपल्या वस्तीचे घर ना घर जनगणनेत नोंदले गेले का, हे पाहायला चार शिकलेली मुले-मुली पुरेत. वस्ती कोणत्या प्रगणक गटात येते, तिची लोकसंख्या किती, शेजारचा नैसर्गिक रस्ता, ओढा, रेल्वेरूळ कोणता, याची एक वही करावी. मसुदा येईल त्या दिवशी ती वही घेऊन तहसील कचेरीत जावे. एकटे जाऊ नये. बौद्धवाड्यातल्या, मातंग वस्तीतल्या, विणकर कॉलनीतल्या माणसांना सोबत घेऊन जावे आणि हरकत सर्वांच्या सहीने द्यावी. ‘मुसलमानांवर अन्याय झाला’ असे लिहिलेला अर्ज फायलीत जातो. ‘ही रचना अमुक नियमाचा भंग करते, हा नकाशा, ही लोकसंख्या’ असे लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. हे काम मुलींवर सोपवले तर अधिक चांगले होईल, कारण महिलांच्या तेहतीस टक्के जागांचे गाडेही २०२३ च्या घटनादुरुस्तीने याच जनगणनेला आणि याच पुनर्रचनेला जोडून ठेवले आहे.

लोकशाहीत अल्पसंख्याकांचे संरक्षण संख्येने होत नाही, नियमाने होते. ज्याच्याकडे संख्या आहे त्याला वाकडी रेषा परवडते. आज नाही तर उद्या तो ती आपल्याकडे वळवून घेईल. आपल्याला ती कधीच परवडणार नाही. म्हणून प्रामाणिक रेषेचा आग्रह सर्वांआधी आपण धरला पाहिजे, आणि तो सर्वांसाठी धरला पाहिजे.